ब्रेक पॅड घरी बदलताना: भीती कुठे, काळजी कुठे

मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकचे पॅड घरी बदलायचे म्हटलं की दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, ब्रेकला हात लावायचाच नाही, ते गॅरेजचं काम. दुसरा म्हणतो, दोन बोल्ट तर आहेत, त्यात काय! पहिल्याची भीती चुकीच्या जागी आहे आणि दुसऱ्याची बेफिकिरी तर जिवावर बेतणारी. पाने-एलन की नीट हाताळता येणाऱ्या कोणालाही हे काम जमतं. मात्र धोका नेमका कुठे आहे, ते आधी कळायला हवं.

सगळ्यांत मोठा गैरसमज असा की पॅड बदलले म्हणजे ब्रेक ऑइल काढायचं, पुन्हा भरायचं आणि नळीतली हवा काढत बसायचं. यातलं काहीच करावं लागत नाही. पॅड बदलताना ऑइलची बंद वाट कुठेही उघडत नाही. जुने पॅड काढायचे, पिस्टन स्वच्छ करून हळूहळू आत ढकलायचा आणि नवे पॅड बसवायचे, इतकंच. पॅडची पिन मात्र कॅलिपर फोर्कवर घट्ट असतानाच थोडी सैल करून ठेवावी; कॅलिपर हातात आल्यावर ती सुटता सुटत नाही.

पिस्टन ढकलण्याआधी ऑइलच्या डबीत डोकावून बघा. पॅड झिजतात तसा पिस्टन पुढे सरकतो आणि डबीतली पातळी खाली जाते. हे नैसर्गिक आहे, पण पातळी उतरलेली दिसली की अनेक जण वरून भर घालतात. मग पिस्टन मागे जाताना जास्तीचं ऑइल उसळून टाकीवर सांडतं आणि रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. बहुतेक गाड्यांत हे ऑइल ग्लायकोल जातीचं असतं, डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं छापलेलं असतं. त्यात चमचाभर इंजिन ऑइल गेलं तरी आतली रबरी सीलं फुगून निकामी होतात. हे द्रव हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. मानकानुसार ताज्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. ओल मुरलेल्याचा १५५ अंशांपर्यंत खाली आलेला चालतो. आंबोलीसारख्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबून लिव्हर मऊ पडण्यामागे पुष्कळदा हे जुनं ऑइल असतं. तिथे नव्या पॅडचा उपयोग नाही.

‘एबीएस आहे, म्हणजे घरी जमणार नाही’ हेही सरसकट खरं नाही. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, पण सामान्य मोटरसायकलीचे पॅड बदलण्याची रीत त्यामुळे बदलली नाही. चाकाजवळच्या सेन्सरची वायर ताणली जाऊ नये, एवढं सांभाळा.

आता जिथे खरोखर घाबरायला हवं, त्याबद्दल. ब्रेक किंचाळतो म्हणून पॅडला किंवा डिस्कला ग्रीस, तेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे लावणारे लोक मी पाहिले आहेत. असं कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून करू नका. तेल पॅडच्या अंगात मुरतं. पॉलिश पेपरने घासून ते निघत नाही, तो पॅड टाकूनच द्यावा लागतो. सिलिकॉन ग्रीस लावायचं ते फक्त कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिनांना, तेही पुसटसं. डिस्क पुसायला ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. रॉकेल, डिझेल नको. धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं.

एक पॅड पार झिजलेला आणि दुसरा बराच शिल्लक, असं दिसलं की लोक पॅडलाच दोष देतात. एकाच बाजूला पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्ये बहुधा सरकत्या पिना अडकलेल्या असतात. कोकणातल्या पावसात आणि चिखलात वापरलेल्या गाड्यांना हे नेहमीचं. पिना साफ न करता नवे पॅड घातले तर तेही तसेच वाकडे झिजतील.

आणि सर्वांत जीवघेणी समजूत: बोल्ट आवळले, काम झालं. पिस्टनभोवतीचं चौकोनी सील लिव्हर सोडल्यावर त्याला केसभर मागे खेचतं आणि पॅड झिजेल तसं पुढे घसरू देतं. म्हणूनच डिस्क ब्रेकला ड्रमसारखा अॅडजस्टिंग नट नसतो. पण आपण पिस्टन हाताने पार आत ढकललेला असतो. त्यामुळे पहिल्यांदा लिव्हर दाबली की ती थेट हँडलला टेकते. ब्रेक लागतच नाही! गाडी स्टँडवर असतानाच, कडक प्रतिकार मिळेपर्यंत लिव्हर पुन्हा पुन्हा दाबा, मगच किक मारा. याउलट कॅलिपर डिस्कवरून उतरलेला असताना लिव्हरला चुकूनही हात लावू नका, पिस्टन बाहेर येईल. घरात मुलं असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. कॅलिपर नळीवर लोंबकळत न सोडता तारेने बांधा आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने आवळा.

महागडे सिंटर्ड पॅड प्रत्येक गाडीला चांगलेच, असंही नाही. ओल्यात आणि उष्णतेत ते उत्तम, पण त्यांच्यासाठी न बनलेली डिस्क ते लवकर खातात. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. मोजताना व्हर्नियर बाहेरच्या न झिजलेल्या कडेवर टेकतो आणि जाडी फसवी जास्त दाखवतो. शक्यतो मायक्रोमीटर वापरा.

नवे पॅड पहिल्या दिवसापासून पूर्ण पकडत नाहीत. सुरुवातीचे दोनशे-तीनशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा, अचानक करकचून दाबणं टाळा. पिस्टनभोवती ओलसर गळती दिसली, तो हाताने मागे जाईना किंवा लिव्हर कितीही दाबून स्पंजसारखी राहिली, तर गाडी चालवत नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा टेम्पोत घालून पाठवा.