पडवींत विसांवलेली मोटार-सायकल

रत्नागिरी व तिच्या आसपासच्या गांवीं जांभ्या दगडाचीं जुनीं घरें पुष्कळ आहेत. अशा एखाद्या घराच्या पडवींत किंवा मांगरांत, नारळाच्या सोडणांच्या आणि मोडक्या पाळण्याच्या आड, गोणपाटानें झांकलेली एक मोटार-सायकल उभी असते. ती वडिलांची किंवा आजोबांची असते. मालक वारला, मुलें मुंबईस गेलीं, आणि गाडी जेथें उभी केली तेथेंच तिनें वीस-तीस पावसाळे काढले. मग एखाद्या सुटींत नातवाच्या मनांत येतें कीं, ही पुन्हां रस्त्यावर आणावी. ह्या इच्छेचें कौतुकच केलें पाहिजे. परंतु तिच्या पाठोपाठ दोन संकटें येतात, एक उतावळेपणाचें व दुसरें निराशेचें. उतावळा मनुष्य त्याच दिवशीं किक मारून इंजिन मोडतो; निराश मनुष्य गाडी वजनावर भंगारवाल्यास देऊन टाकतो. दोघांच्याही हातून नुकसान होतें तें एकाच अज्ञानामुळें. यंत्र नुसतें उभें राहिल्यानें त्याचें काय बिघडतें, हें त्यांस ठाऊक नसतें. तेवढें समजून घेतलें म्हणजे काय करावें, कोणत्या क्रमानें करावें आणि कोठें थांबावें, हें उलगडत जातें.

प्रथम ह्या गाड्या कोणत्या, तें पाहूं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील बी. एस. ए., नॉर्टन, मॅचलेस इत्यादि विलायती गाड्या आतां क्वचितच दृष्टीस पडतात. घरांत सांपडण्याचा संभव अधिक तो ह्या देशांत तयार झालेल्या गाड्यांचा. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली व तिची बुलेट गाडी देशभर पसरली. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीनें चेकोस्लोव्हाकियांतील जावा गाडी येथें बनविण्यास आरंभ केला. १९७३ पासून त्याच कारखान्याची गाडी येझ्दी ह्या नांवानें निघूं लागली, आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत ही मूळ एका पोलिश गाडीच्या नमुन्यावर उभारलेली. बंद पडलेल्या कारखान्याच्या गाडीचे सुटे भाग मिळविणें कष्टाचें असतें. म्हणून दुरुस्तीच्या वेळीं निघालेला जुना भाग कितीहि निरुपयोगी दिसला तरी काम पुरें होईपर्यंत फेंकूं नये. नवा भाग जुळतो कीं नाहीं, हें ठरविण्यास तोच एक नमुना हातीं असतो.

आतां बिघाडाचें मूळ पाहूं. लोखंडावर गंज चढण्यास पाणी व हवेंतील प्राणवायु हीं दोन्ही लागतात. पाण्यांत मीठ मिसळलें असेल तर ही क्रिया फार जलद होते. कारण खारें पाणी विद्युत्-प्रवाह अधिक सहज वाहून नेतें, आणि गंजणें ही मूलतः विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. रत्नागिरींत वर्षाकाठीं सुमारें ३,००० मिलिमीटर किंवा त्याहूनहि अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. शिवाय मिऱ्या, मांडवी, भाट्ये ह्या किनाऱ्यांवरून येणारा वारा मिठाचे सूक्ष्म कण घराघरांत आणून टाकतो. चालत्या गाडीस ह्याचा उपद्रव कमी होतो. इंजिनाच्या उष्णतेनें आंतील ओल वाळते आणि तेल प्रत्येक भागावर नव्यानें पसरतें. उभ्या गाडींतील तेल मात्र हळूहळू खालीं ओघळतें व धातु उघडा पडतो. म्हणजे विश्रांतीनें यंत्र झिजत नाहीं हें खरें, परंतु तें सडतें. अॅल्युमिनियमचें आवरण व त्यांतील पोलादी स्क्रू जेथें एकमेकांस लागतात तेथें खारट ओलीनें अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते आणि स्क्रू जागच्या जागीं जखडतो. तो जोरानें पिळल्यास त्याचें डोकें तुटतें. त्यावर पातळ तेल सोडून दोन दिवस वाट पाहिली, तर तो पुष्कळदां आपण होऊन सैल पडतो.

ह्यावरून पहिला नियम निघतो. किक मारूं नये. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचा पातळ थर आलेला असतो. पिस्टनच्या रिंगा बिडाच्या, म्हणजे कठीण पण ठिसूळ असतात. त्या गंजावर जबरीनें ओढल्या गेल्यास मोडतात, व त्यांचे तुकडे सिलिंडरवर ओरखडे पाडतात. जावा गाडींत तर किक व गिअर ह्यांस एकच दांडा आहे. त्यावर जुलूम केला कीं दोन्ही व्यवस्था धोक्यांत येतात. ह्याऐवजीं स्पार्क प्लग काढून त्याच्या भोंकांतून दोन चमचे पातळ तेल सोडावें व दोन-तीन दिवस स्वस्थ बसावें. मग गाडी स्टँडवर घेऊन, वरचा गिअर टाकून, मागचें चाक हातानें हळू पुढें-मागें फिरवावें. पिस्टन सुटला असेल तर तें हाताला कळतें. तो हालत नसेल तर पुन्हां तेल सोडावें. एवढ्यानेंहि न भागल्यास सिलिंडरचें डोकें उतरविण्याचें काम जाणत्या मिस्त्रीकडे द्यावें.

जावा, येझ्दी व राजदूत ह्यांचीं इंजिनें टू-स्ट्रोक जातीचीं आहेत, आणि त्यांची एक खोड ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्यांत पेट्रोल, हवा व तेल ह्यांचें मिश्रण प्रथम खालच्या क्रँकच्या पेटींत शिरतें व तेथून वर जातें. ही पेटी हवाबंद राहावी म्हणून तिच्या दोन्ही बाजूंस रबरी सील असतात. वर्षानुवर्षें उभें राहून हें रबर कडक होतें व चिरतें. मग बाहेरची हवा आंत ओढली जाते, मिश्रण पातळ होतें, इंजिन अतोनात तापतें आणि पिस्टन सिलिंडरांत चिकटून बसतो. सील स्वल्प किंमतींत मिळतात, पिस्टन-सिलिंडरचा खर्च मोठा येतो. म्हणून गाडी सुरू करण्यापूर्वींच सील बदलणें शहाणपणाचें. ह्या गाड्यांत तेल पेट्रोलमध्येंच मिसळावयाचें असतें. त्याचें प्रमाण त्या त्या गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. तें विसरून नुसतें पेट्रोल घातल्यास इंजिन थोड्याच वेळांत जळतें. बुलेटच्या फोर-स्ट्रोक इंजिनांत तेल निराळें असतें. तें काढून पाहावें. तें दुधासारखें पांढरट दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे, असें समजावें.

इंजिनानंतर पेट्रोलची वाट. जुन्या पेट्रोलमधील हलके अंश उडून जातात व मागें राळेसारखा चिकट गाळ राहतो. हाच गाळ कार्बुरेटरच्या केसासारख्या बारीक छिद्रांत बसतो. तीं छिद्रें तारेनें टोंचूं नयेत. तीं मोठीं झाल्यास पेट्रोलचें प्रमाण कायमचें बिघडतें. योग्य द्रवांत भिजवून हवेनें फुंकून घेणें बरें. टाकी आंतून गंजली असेल तर ती उतरून साफ करावी. परंतु पेट्रोलची वाफ राहिलेल्या टाकीजवळ दिवा, विडी किंवा वेल्डिंग ह्यांपैकीं कांहींहि आणूं नये. रिकामी वाटणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षांहि अधिक घातक असते. आज मिळणाऱ्या पेट्रोलविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्यांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि पाणी फार झालें कीं दोन्ही मिळून टाकीच्या तळाशीं वेगळा थर होतो. जुन्या काळच्या रबराच्या नळ्या व बुचाचे वॉशर ह्यांसहि तें मानवत नाहीं. म्हणून नळ्या व वॉशर नवे घालावे आणि पावसाळ्यापूर्वीं टाकी व कार्बुरेटर दोन्ही रिकामीं करून ठेवावींत.

विजेच्या व्यवस्थेंत बिघाड बहुधा लहान व उपाय स्वस्त असतो. पॉइंटवर बुरशीसारखा थर धरतो, कंडेन्सर निकामी होतो, तारांचें आवरण उंदीर कुरतडतात. पॉइंट साफ करावे, कंडेन्सर व प्लग नवा घालावा, आणि वायर सबंध बदलावी. एका ठिकाणीं टेप गुंडाळून दुसऱ्या ठिकाणीं ठिणगी उडण्याची वाट पाहूं नये. विलायती गाड्यांच्या मॅग्नेटोंत मात्र गुंडाळीचें लाखेचें आवरण दमटपणानें व उष्णतेनें खराब होतें. त्याची नवी गुंडाळी करणें हें तज्ज्ञाचें काम आहे.

इंजिन एकदां बोलूं लागलें कीं घरांत आनंदीआनंद होतो, आणि खरा धोका त्याच क्षणीं सुरू होतो. इंजिन सुरू न झाल्यास गाडी उभी राहते, एवढेंच. ब्रेक न लागल्यास मनुष्य प्राणास मुकतो. रत्नागिरीचे रस्ते चढउतारांचे आहेत. हातखंब्याहून शहराकडे येतांना उतार लागतात, आणि कोल्हापूरच्या वाटेवर आंबा घाट आहे. तेव्हां इंजिनाच्या आधीं ब्रेक, हा क्रम सोडूं नये. ब्रेकच्या जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असूं शकतें व त्याची धूळ फुप्फुसांस अपायकारक असते. म्हणून ड्रम उघडल्यावर फुंकर मारूं नये, ओल्या फडक्यानें पुसून घ्यावें. ब्रेकची व क्लचची तार आंतून गंजलेली असते, ती नवीच घालावी. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्यावर विश्वास ठेवूं नये. रबर वयानेंच कडक होतें व आंतून तडकतें. २००० सालानंतरच्या टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. असे चार आंकडेच नसतील तर तो टायर त्याहूनहि जुना आहे, असें समजून टाकून द्यावा. चाकाचे आरेहि एकेक वाजवून पाहावे. सैल आरा बद्द वाजतो.

शेवटीं कागदपत्रें, पण खर्चाच्या दृष्टीनें तीं सर्वांच्या आधीं पाहिलीं पाहिजेत. गाडी आजोबांच्या नांवावर असेल तर वारसाच्या नांवें करून घेण्यासाठीं नमुना ३१ चा अर्ज असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षें टिकते, व पुढें तपासणी होऊन दर ५ वर्षांनीं तिचें नूतनीकरण करावें लागतें. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या गाड्यांकरितां दुसरी वाट मोकळी केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली व मूळ स्वरूपांत राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये फी ठेवण्यांत आली व मुदत १० वर्षांची. पूर्वीं नोंद असलेल्या गाडीस आपला जुना क्रमांक ठेवतां येतो. मात्र अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, पेट्रोल भरणें व दुरुस्ती ह्यांसाठींच रस्त्यावर आणावयाची. रोजच्या कामास किंवा धंद्यास नव्हे. तेव्हां गाडी रोज वापरावयाची कीं जपून ठेवावयाची, हें कुटुंबानें प्रथम ठरवावें. दोन्ही वाटांवर गाडीची ओळख म्हणजे इंजिनावरील व चासीवरील क्रमांक. गंज खरवडण्याच्या व रंग देण्याच्या उत्साहांत हे अंक घासले गेले, तर गाडी असूनहि ती आपली आहे हें सिद्ध करणें कठीण जातें. त्याच कारणास्तव चकचकीत क्रोमियम आणि नव्या धर्तीचे भाग ह्यांचा मोह आवरावा. मूळ रंग फिका झाला असला तरी तो मूळचा आहे, आणि जी गोष्ट एकदांच मिळते ती आपल्या हातानें खरवडून टाकण्यांत शोभा नाहीं.

ह्या सर्व कामास रत्नागिरीचें हवामानच वेळापत्रक आंखून देतें. पावसाळ्याचे चार महिने भाग उतरविण्यांत, साफ करण्यांत व कागदपत्रें जुळविण्यांत घालवावे. गाडी रस्त्यावर काढावी ती पाऊस संपल्यावर. पहिली फेरी मैल-दोन मैलांची, सपाट रस्त्यावर व दिवसाउजेडीं असावी. परत आल्यावर प्रत्येक नट पुन्हां आंवळावा आणि तेल कोठें गळतें तें पाहावें. अशा रीतीनें पांच-सहा फेऱ्या निर्धास्तपणें झाल्या म्हणजेच घाटाचा विचार करावा. आणि तपासणींत चासीच गंजून पोखरलेली आढळली, तर ती गाडी न चालवितां घरांत जपून ठेवावी. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. आजोबांच्या हाताची खूण म्हणून तिची किंमत तेवढीच राहते, आणि तिच्यापायीं नातवाच्या जिवावर बेतण्याची भीति उरत नाहीं.