मेणबत्ती विझल्यावर पाणी का चढते?

चौथीच्या वर्गात प्रयोग म्हटला की काही पालकांच्या कपाळावर आठी पडते. "टीचर, खेळ पुरे, प्रश्नोत्तरे लिहून घ्या," असे निरोप येतात. त्यांची काळजी आम्ही समजू शकतो. रिक्षा आणि ट्यूशनवर पैसा जातो आणि मूल घरी येऊन सांगते, आज मेणबत्ती पाहिली! पण दहावीनंतर "सायन्स अपने बस का नहीं" म्हणून वाट बदलणाऱ्या मुली आम्ही दरवर्षी पाहतो. ही भीती दहावीत येत नाही, ती चौथी-पाचवीतच बसलेली असते.

म्हणून या मेणबत्तीविषयीच सांगतो. ताटलीत थोडे रंगीत पाणी, मधोमध मेणबत्ती, तिच्यावर काचेचा उपडा ग्लास. पेटवायचे काम शिक्षकाचे, आणि ओढण्या आधी मागे बांधायच्या. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढते. याचे उत्तर अनेक ठिकाणी तयारच असते: हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के, तो जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. मुले पाठ करतात, गुणही मिळतात. उत्तर मात्र बरोबर नाही.

आम्ही एवढेच विचारतो, "पाणी कधी चढले?" मग दुसऱ्या वेळी सगळी नाके ताटलीजवळ येतात. "टीचर, पानी तो बत्ती बुझने के बाद चढा!" खरेच, ज्योत जळत असताना पाणी फारसे हलत नाही, विझल्यावर झपकन वर येते. प्राणवायू कमी होत गेल्याने चढले असते, तर हळूहळू चढायला हवे होते. तिसऱ्यांदा दोन मेणबत्त्या लावतो. ग्लास तोच, हवा तेवढीच, तरी पाणी जास्त चढते. ग्लास ठेवताना कडेने निघालेले बुडबुडेही कुणाला तरी दिसतात. ज्योतीने हवा तापून पसरते, थोडी बाहेर पडते. विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. प्राणवायू वापरला जातो, पण सगळा संपत नाही, आणि त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड व वाफ तयार होते.

जलशांतल्या भाषणांत आपण इब्न अल-हैसम यांचे नाव अभिमानाने घेतो. त्यांची सवय मात्र घरात आणत नाही. 965 च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेल्या या माणसाने अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर दिवे ठेवले. एक दिवा झाकला की आतला त्याचाच ठिपका नाहीसा होई. बतलीमूस म्हणजे टॉलेमी हे केवढे मोठे नाव! त्याच्या ग्रंथांवरच्या शंकांचे त्यांनी वेगळे पुस्तक लिहिले. आणि आपल्याकडे मुलाने गाइडवर शंका घेतली तर ते उद्धट ठरते.

घरी करायचे तर हळद पुरे. पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाला लावा, वाळवा. साबणाचे पाणी, खायच्या सोड्याचे पाणी, चिंचेचे पाणी, एकेक थेंब टाकण्याआधी मुलाला अंदाज लिहायला सांगा. साबणाने कागद लाल होतो, वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. ओढणीवरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल का होतो, हे अम्मींनाही इथेच कळेल. तो डाग उन्हात फिका पडतो, हे दादीला ठाऊक असतेच. उरलेल्या कागदाचा अर्धा तुकडा गच्चीवर ठेवा आणि अर्धा कपाटात.