मापाची रॅकेट

जून महिना तोंडावर आला की घरोघरी शाळेच्या गणवेशाची खरेदी निघते आणि कापडाच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येते : "जरा वाढत्या अंगाचाच द्या." गणवेश दोन वर्षे पुरावा, बूट पुढच्या जूनपर्यंत चालावेत, हा विचार हिशोबी घराला शोभणाराच आहे. परंतु एक वस्तू अशी आहे, की तिच्या बाबतीत ही काटकसर उलटते. ती म्हणजे लहान मुलीच्या हाती द्यावयाची टेनिसची रॅकेट.

साताऱ्यातील किंवा सांगलीतील एखाद्या व्यापारी कुटुंबात सात-आठ वर्षांची मुलगी टेनिस शिकू लागली, की पहिला प्रश्न रॅकेटचा येतो. आजोबा म्हणतात, "एकदाच मोठी घ्या, दहावीपर्यंत बघायला नको." त्याप्रमाणे २७ इंची, म्हणजे प्रौढांची रॅकेट घरी येते. पहिले आठ दिवस कौतुकात जातात. मग मुलगी साध्या फटक्यालाही दोन्ही हात लावू लागते. चेंडू निघून गेल्यावर रॅकेट पुढे येते. मनगट आणि कोपर दुखू लागतात आणि महिन्याभरात घरातील मंडळी निष्कर्ष काढतात, की हा खेळ काही हिच्या प्रकृतीला मानवत नाही. वस्तुतः मानवलेली नसते ती रॅकेट. दोष मापाचा असतो आणि बोल मात्र मुलीला लागतो.

साधन शरीराच्या मापाचे

साधन खेळाडूच्या शरीराला जुळावे लागते, ही गोष्ट या भागाला नवी नाही. साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिन येथे वयाच्या सतराव्या वर्षी धनुर्विद्येत जगज्जेती झाली. तिच्या कंपाउंड प्रकारातील धनुष्याची ओढ धनुर्धराच्या हातांच्या लांबीनुसार जुळवून घ्यावी लागते. दुसऱ्याच्या मापाच्या धनुष्याने नेम साधत नाही. जे धनुष्याचे, तेच रॅकेटचे.

टेनिसही या परिसराला परके नाही. सांगलीत १९३३ साली जन्मलेले नंदू नाटेकर सर्वांना आठवतात ते बॅडमिंटनपटू म्हणून. १९५६ मध्ये क्वालालंपूर येथे विजेतेपद मिळवून आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय ठरले. परंतु त्यांचा आरंभ टेनिसनेच झाला होता. कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचून रामनाथन कृष्णन यांच्याकडून पराभूत झाल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले. पुढे त्यांचे पुत्र गौरव टेनिसमध्येच राष्ट्रीय विजेते झाले. शेजारच्या कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विम्बल्डनच्या चौदा वर्षांखालील स्पर्धेत खेळली. मुलींचे टेनिस तर याहून जुने. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणजे लीला राव, साल १९३४. त्यांच्या मातोश्री, संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव, स्वतः उत्तम टेनिस खेळत असत.

आधी उंची, मग रॅकेट

टेनिसचे पूर्ण मैदान ७८ फूट लांब असते. एवढ्या मैदानावर प्रौढांच्या चेंडूने आठ वर्षांच्या मुलाने खेळावे, हे अयोग्य आहे असे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघालाही वाटले आणि २०१२ पासून दहा वर्षांखालील स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरणे बंद झाले. त्याऐवजी तीन पायऱ्या आहेत. सर्वांत मंद असलेला लाल चेंडू ३६ फुटी मैदानासाठी, नारिंगी ६० फुटी मैदानासाठी आणि हिरवा पूर्ण मैदानासाठी. चेंडू मंद आणि उसळी कमी असली, की तो मुलाच्या खांद्यावरून निघून न जाता कमरेच्या उंचीवर येतो आणि मुलाला फटका मारण्यास अवधी मिळतो.

रॅकेटच्या पायऱ्याही अशाच आहेत : १९, २१, २३, २५ आणि २६ इंच. प्रौढांची २७ इंची असते. वय हा ढोबळ अंदाज झाला. खरे माप उंचीचे. साधारणपणे १०० सेंटिमीटरपर्यंत उंची असेल तर १९ इंची, ११२ पर्यंत २१ इंची, १२७ पर्यंत म्हणजे सुमारे चार फूट दोन इंच होईतो २३ इंची, १४० पर्यंत २५ इंची आणि त्यापुढे दीडशे सेंटिमीटर होईपर्यंत २६ इंची रॅकेट योग्य ठरते. कंपन्यांच्या मापांत थोडाफार फरक असतो. म्हणून दुकानातच एक सोपी परीक्षा करावी. मुलीला ताठ उभे करून तिचा हात सरळ खाली सोडावा आणि त्या हातात मुठीच्या टोकाशी धरलेली रॅकेट जमिनीकडे करावी. रॅकेटचे टोक जमिनीला जेमतेम टेकले तर माप बरोबर. ती धरण्यासाठी मुलीला कोपर वाकवावे लागले, तर रॅकेट मोठी आहे असे समजावे.

वजन आणि मूठ

दुसरा प्रश्न वजनाचा. तागडीवर पन्नास ग्रॅमचा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु तेच पन्नास ग्रॅम हातभर लांब दांड्याच्या टोकाशी आले आणि तो दांडा तासाभरात शेकडो वेळा फिरवावयाचा असला, की त्यांचा भार मनगटावर, कोपरावर आणि खांद्यावर येतो. वाढत्या वयात हाडांची टोके अजून कोवळी असतात. त्यामुळे या वयातील दुखण्याकडे 'सवय होईल' म्हणून दुर्लक्ष करू नये. मुलीने हात समोर लांब करून रॅकेट आडवी धरावी. काही क्षणांतच टोक खाली झुकू लागले तर ती जड आहे. आरंभी ॲल्युमिनियमची हलकी रॅकेट पुरेशी असते. मुलगी आठवड्यातून तीन-चार दिवस मन लावून खेळू लागली, उंची वाढली आणि चेंडूचा वेगही वाढला, की ग्रॅफाइटचा विचार करावा. ग्रॅफाइट हादरा अधिक शोषून घेते. पण त्याची किंमत कितीतरी अधिक असते आणि पहिल्याच वर्षी त्याची आवश्यकता नसते.

मुठीचे माप बहुतेक पालक पाहतच नाहीत. मोठ्या रॅकेटच्या मुठीचा घेर चार इंचांपासून सुरू होतो. सव्वाचार इंच हे त्यातील नेहमीचे एक माप. लहान मुलांच्या रॅकेटची मूठ याहून बारीक असते. मुलीने रॅकेट धरल्यावर तिच्या बोटांची टोके आणि तळहाताचा फुगीर भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी बसेल एवढी फट राहिली पाहिजे. फट राहिली नाही तर मूठ बारीक. बोटापेक्षा जास्त राहिली तर जाड. दोन मापांत संशय पडल्यास बारीक मूठ घ्यावी. वरून पट्टी गुंडाळून ती जाड करता येते. जाड मूठ मात्र सहजी बारीक होत नाही.

तात कशाची?

येथपर्यंतची चौकशी कोणत्याही घराने करावी अशीच आहे. जैन घराने आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : रॅकेटची जाळी कशाची विणलेली आहे?

लीला राव यांच्या काळी रॅकेट लाकडाची असे आणि तिची जाळी जनावराच्या आतड्याच्या तातीची. १८७५ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे बाबोला घराण्याने मेंढीच्या आतड्यांपासून अशा ताती बनवण्यास आरंभ केला; पुढे त्यांसाठी गाय-बैलांची आतडी वापरात आली. इंग्रजीत आतड्याला 'गट' म्हणतात. आज आपल्याकडील दुकानदार जाळी विणण्याला सहज 'गटिंग' म्हणतो तो शब्द तेथूनच आलेला. वस्तू बहुतांशी बदलली, नाव राहिले. मुलांच्या तयार रॅकेटला आज सर्वसाधारणपणे नायलॉनचीच तार असते. त्यामुळे पहिली रॅकेट घेताना चिंतेचे कारण सहसा नसते.

प्रश्न उभा राहतो तो पुढे, तार तुटून नवी बसवताना. वेष्टनावर 'सिंथेटिक गट' असे लिहिलेले असेल, तर नावात गट असूनही ते नायलॉन आहे. 'मल्टिफिलामेंट' म्हणजे नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांचे अनेक बारीक तंतू एकत्र वळून केलेली मऊ तार. 'नॅचरल गट' असे लिहिलेले असेल, तर ती आतड्याची तात होय. 'हायब्रिड' संचात उभ्या आणि आडव्या तारा वेगवेगळ्या प्रकारच्या असतात आणि त्यांतील एक आतड्याची असू शकते. म्हणून तेथे दोन्हींची चौकशी करावी. खाद्यपदार्थाच्या पुडक्यावर हिरवा ठिपका शोधण्याची जी सवय, तीच येथे उपयोगी पडते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. आतड्याची तात हाताला मऊ लागते आणि म्हणूनच काही नामवंत खेळाडू आजही तिला सोडत नाहीत. याउलट कृत्रिम तारांतील पॉलिएस्टरची तार कडक असते, तिचा हादरा कोपरापर्यंत पोहोचतो. ती लहान मुलीला देऊच नये. परंतु अहिंसा पाळायची तर हाताने सोसायचे, असा पेच येथे उरलेला नाही. मल्टिफिलामेंटची तार बेताने ताणून बसवली, तर जीवदया आणि मुलीचा हात दोन्ही सांभाळले जातात. तार बसवणाऱ्यास मुलीचे वय सांगून ताण कमी ठेवण्यास अवश्य सांगावे.

हाच विवेक मुठीच्या बाबतीत ठेवावा. काही महागड्या रॅकेटना कातड्याची पट्टी असते. कृत्रिम पट्टी सर्वत्र मिळते. चेंडूवरील लव लोकर आणि नायलॉन यांच्या मिश्रणाची असते. तिच्याविषयी ज्या त्या घराने आपल्या नियमाप्रमाणे ठरवावे. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य येते. दात, हाडे, नखे, कातडे अशा प्राण्यांच्या अंगांचा व्यापार त्यात मोडतो. ज्या वस्तूचा व्यापार आपण करणार नाही, ती न विचारता विकत का घ्यावी? आणि हा प्रश्न वडिलांनी मुलीसमोर दुकानात विचारला, तर पाठशाळेत ऐकलेला अहिंसेचा धडा तिला व्यवहारातही दिसतो. क्रिकेटचा कातडी चेंडू, बॅडमिंटनचे पिसांचे फूल यांविषयीही ती मग आपणहून विचारू लागते.

मुलीची म्हणून वेगळी नाही

टेनिसच्या नियमांत मुलाची रॅकेट आणि मुलीची रॅकेट असा भेद नाही. गुलाबी रंग हे माप नव्हे. थोरल्या भावाची जुनी रॅकेट मापात बसत असेल, तर ती आनंदाने वापरावी. एका वस्तूचा पुरता उपयोग करणे अपरिग्रहाला धरूनच आहे. परंतु मापात बसत नसतानाही 'मुलीला काय, चालेल' म्हणून ती तिच्या हाती देणे, ही काटकसर नव्हे. भावाच्या बॅटसाठी पुण्याची फेरी होते आणि बहिणीच्या रॅकेटसाठी अडगळीची खोली उघडली जाते, हा फरक मुलीच्या लक्षात येतो आणि तो ती पुष्कळ वर्षे विसरत नाही.

दर दोन वर्षांनी नवी रॅकेट म्हणजे उधळपट्टी, असे वाटणाऱ्यांसाठी मार्ग घरातच आहे. चुलत-मामेभावंडांचे आणि समाजातील घरांचे नाते एवढे जवळचे असते, की लहान झालेली रॅकेट साताऱ्याहून सांगलीला आणि तेथून दुसऱ्या घरी सहज जाऊ शकते. खरेदीपूर्वी प्रशिक्षकांकडील दोन-तीन रॅकेट चार दिवस वापरून पाहाव्यात आणि पैसा महागड्या नावापेक्षा योग्य मापावर खर्च करावा.

दिवाळीत वहीपूजन होते, जुन्या वर्षाचा हिशोब मिळवला जातो आणि नव्या वहीचे पहिले पान उघडते. त्याच दिवशी मुलीला दाराच्या चौकटीशी उभे करून तिच्या डोक्याच्या उंचीवर पेन्सिलीची एक खूण करावी आणि शेजारी तारीख घालावी. पुढची खूण पाडव्याला. ती रेघ १२७ च्या वर गेली, की २३ इंची रॅकेट धाकट्या भावंडासाठी काढून ठेवावी आणि मुलीला बरोबर घेऊन दुकानात जावे. रॅकेट तिच्या हातात देऊन, जमिनीला टेकवून पाहावी आणि मग दुकानदाराला विचारावे : "तार कशाची आहे?"