सातबाऱ्यावर बेतलेली घरं

२९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली गावं गाढ झोपली आणि पहाटे चारच्या सुमाराला लातूर-उस्मानाबादची भुई हादरली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी. हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली.

माणसं मारली ती घरांनी. चिखलात रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचं जड माळवद. असं घर ही ऐपतीची खूण होती. गरीबही दगडामातीच्या घरांत राहत होते, तेही मेले. पण ज्यांच्या डोक्यावर नुसतं पाचट किंवा पत्रा आणि भोवती कूड, त्यांना वाचायला जास्त वाव होता. त्या पहाटे गरिबीनं काही जणांना तारलं, असं म्हणावं लागतं.

पुनर्वसनानं मात्र जुनी उतरंड पुन्हा उभी केली. जागतिक बँकेच्या कर्जातून ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. कोणाला केवढं घर, हे घरात खाणारी तोंडं किती यावर ठरलं नाही. ते ठरलं सातबाऱ्यावर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४५०, त्यावरच्यांना ७५०. शेतकऱ्याला धान्य, अवजारं ठेवायला जागा लागते हे खरंच. पण २५० चौरस फुटांत चूल मांडायची, पाण्याची घागर ठेवायची, लेक-सुनेला आडोसा द्यायचा आणि म्हाताऱ्यांना निजवायचं, हे कसं जमणार? जे घर सरकार बांधून देतं, तिथं तरी जमिनीचा हिशेब नको होता. हा अन्याय होता आणि तो शासन निर्णयानं झाला.

त्याच कार्यक्रमात एक चांगली गोष्टही घडली. जिथं घरांची फक्त दुरुस्ती करायची होती, त्या गावांत बायका संवाद सहायक, म्हणजे सरकार आणि गावकरी यांच्यातला दुवा झाल्या. त्यांच्यामुळे कोणाला मदतीचा किती हप्ता मिळाला, हे गावाला समजू लागलं.

२०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. पिकांच्या नुकसानीची मदत तेव्हाही हेक्टरी ठरली. वाहून गेलेल्या सोयाबीनचा पंचनामा झाला. ते काढायला जाणाऱ्या मजूर बाईच्या बुडालेल्या रोजाला पंचनाम्यात रकानाच नाही.