विकलेलं यंत्र, राखून ठेवलेली किल्ली

१ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या संरक्षण सुरक्षा सहकार्य संस्थेने एक पत्रक काढलं. भारताला ३१ एमक्यू-९बी ड्रोन विकायला परराष्ट्र खात्याने मान्यता दिली आहे, अंदाजित किंमत ३.९९ अब्ज डॉलर, आणि तशी सूचना अमेरिकी काँग्रेसला दिली आहे, असा त्याचा आशय. आपल्याकडच्या बातम्यांत किंमत आली, हेलफायर क्षेपणास्त्रं आली. ‘याखेरीज’ म्हणून पुढे जी लांबलचक जंत्री होती, तिच्याकडे मात्र फारसं कुणी वळलं नाही.

त्या जंत्रीत काय होतं? केवाय-१००एम नावाची संदेश गुप्त ठेवणारी उपकरणं, केआय-१३३ ही कूटलेखन यंत्रं, ती चालू करायला लागणाऱ्या किल्ल्या भरणारं एएन/पीवायक्यू-१० हे हातात मावणारं उपकरण. आणि केयू बँडवर चालणारी, हलवता येणारी उपग्रह भूस्थानकं, ‘एन्क्रिप्शनसह’. माझ्या मते या सौद्याचा जीव त्या एका शब्दात आहे.

या ड्रोनचं नाक फुगीर असतं. वैमानिकाची बैठक असते तसा तो फुगवटा दिसतो, पण आत माणूस नसतो. आत असते उपग्रहाकडे तोंड करून फिरणारी तबकडी. धावपट्टीजवळ ड्रोन थेट रेडिओ दुव्यावर उडवता येतो. तो क्षितिजापलीकडे गेला की सगळा कारभार उपग्रहामार्फत. नारायणगावजवळ आर्वीला १९७१ साली उभी राहिलेली सुमारे ३० मीटर व्यासाची तबकडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी तिचं ट्रेलरवर चढणारं नातवंड डोळ्यांसमोर आणावं. हिंदी महासागरावर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनला हुकूम तिथूनच जातात आणि चित्रंही तिथेच उतरतात.

आणि हा दुवा कूटबद्ध नसेल तर? २००९ च्या डिसेंबरमध्ये बातमी फुटली, की इराकमधले बंडखोर अमेरिकेच्याच प्रिडेटर ड्रोनची चित्रं बघत होते. त्यांच्याकडे होतं सुमारे २६ डॉलरला मिळणारं, उपग्रहावरचे चित्रपट उतरवण्यासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर. चित्रांचा प्रवाह उघडाच होता. कोट्यवधी डॉलरची विमानं आणि दाराला कडी नाही, अशी ती अवस्था.

अमेरिकेची ही कडी बाजारात मिळत नाही. तिची कूटलेखन उपकरणं परदेशाला सरकार ते सरकार याच मार्गाने दिली जातात. त्यासाठी राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची, म्हणजे एनएसएची, संमती लागते, आणि घेणाऱ्या देशाने आधी संपर्क-सुरक्षेचा करार केलेला असावा लागतो. भारताने तो करार वर्षानुवर्षं टाळला. म्हणून सी-१३०जे आणि पी-८आय ही विमानं आली ती अमेरिकी कूटयंत्रणा वगळून. पी-८आयमध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला डेटा लिंक बसवला गेला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिल्लीत सुषमा स्वराज, निर्मला सीतारामन, माइक पॉम्पिओ आणि जेम्स मॅटिस या परराष्ट्र व संरक्षण मंत्र्यांच्या पहिल्या ‘टू प्लस टू’ बैठकीत त्या करारावर, म्हणजे कॉमकासावर, सह्या झाल्या. मुदत दहा वर्षं.

आता विकणाऱ्याच्या घरात डोकावू. शस्त्रविक्रीवर अमेरिकी काँग्रेसची नजर ही जुनी परंपरा असल्यासारखं बोललं जातं. प्रत्यक्षात ती जेमतेम पन्नास वर्षांची आहे. १९७०च्या दशकात तेलाच्या पैशावर इराणचे शाह आणि आखातातले देश शस्त्रं उचलत होते आणि बरेच सौदे खासदारांना वर्तमानपत्रांतून कळत होते. सिनेटर गेलॉर्ड नेल्सन (पृथ्वी दिनाचे जनक म्हणून आपण ओळखतो तेच) आणि प्रतिनिधी जोनाथन बिंगहॅम यांनी १९७४ मध्ये दुरुस्ती आणली, की मोठी विक्री आधी आम्हाला कळवा. १९७६च्या शस्त्रनिर्यात नियंत्रण कायद्याच्या कलम ३६(ब)मध्ये ती पक्की झाली. भारतासारख्या देशाला प्रमुख युद्धसामग्री विकताना १.४ कोटी डॉलर, इतर सामग्री व सेवांसाठी ५ कोटी डॉलर ही २०२४ मध्ये सूचनेची मर्यादा होती. त्यानंतर काँग्रेसला ३० दिवस. नाटो आणि मोजक्या मित्रदेशांसाठी १५.

या वर्गवारीत एक गोम आहे. भूस्थानकं, कूटयंत्रं, किल्लीचं उपकरण ही भारताच्या पत्रकात ‘प्रमुख युद्धसामग्री’च्या यादीत नव्हती, शेपटातल्या ‘याखेरीज’मध्ये होती. सौदा अवाढव्य म्हणून तीही पटलावर आली. एखाद्या देशाने नुसतेच उपग्रह टर्मिनल थोडेथोडके घेतले, तर रक्कम मर्यादेखाली राहून औपचारिक सूचनेची गरजच पडणार नाही.

आणि काँग्रेसने ‘नाही’ म्हणायचं ठरवलं तर? इथे एका भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याचं नाव घ्यावं लागतं. जगदीश राय चढ्ढा केनियात जन्मलेले, ब्रिटिश पारपत्रावर अमेरिकेत शिकायला आलेले. व्हिसा संपला, हद्दपारी थांबली, पण प्रतिनिधिगृहाने ठराव करून ती सवलत काढून घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जून १९८३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की राष्ट्राध्यक्षांच्या सहीसाठी न पाठवता केलेल्या ठरावाने काँग्रेसला असा नकार लादता येत नाही. खटला एका माणसाच्या मुक्कामाचा, पण तडाखा बसला शस्त्रविक्रीच्या कलमाला. त्यातही नेमकी तशाच ठरावाची तरतूद होती. १९८६ मध्ये कायदा बदलला आणि नामंजुरीचा ठराव राष्ट्राध्यक्षांपुढे जाऊ लागला. ज्यांनी सौदा ठरवला त्यांच्याच हाती नकाराधिकार. तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं.

त्याच वर्षी प्रचीती आली. सौदी अरेबियाला क्षेपणास्त्रं विकायला दोन्ही सभागृहांनी विरोध केला, रेगन यांनी नकाराधिकार वापरला आणि सिनेटमध्ये तो उलथवण्याच्या बाजूने पडली ६६ मतं. हवी होती ६७. २०१९ मध्ये ट्रम्प सरकारने आणीबाणीचं कारण देत सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात आणि जॉर्डन यांच्यासाठीचे सुमारे ८.१ अब्ज डॉलरचे २२ सौदे मुदतीची वाट न पाहता पुढे रेटले. विरोधाचे ठराव पुन्हा नकाराधिकारावर आपटले. या मार्गाने काँग्रेसला आजवर एकही विक्री अडवता आलेली नाही.

म्हणून ही देखरेख दिखाऊ ठरते का? तसं मला वाटत नाही. खरी अडवणूक मतदानाच्या आधी होते, आणि तीही कायद्यात न लिहिलेल्या जागी. सूचना अधिकृतपणे देण्यापूर्वी परराष्ट्र खातं मसुदा दोन समित्यांकडे धाडतं: सिनेटची परराष्ट्र संबंध समिती आणि प्रतिनिधिगृहाची परराष्ट्र व्यवहार समिती. दोन्हींचे अध्यक्ष आणि विरोधी बाजूचे ज्येष्ठ सदस्य, मिळून चौघं. यांच्यापैकी कुणीही ‘होल्ड’ लावला तर सरकार सहसा थांबतं. बांधील नसतं, पण पुढची कामं याच समित्यांकडे असतात. मात्र सरकारने ठरवलं तर होल्ड झुगारताही येतो, आणि इस्रायलला बाँब विकताना २०२५ मध्ये तो झुगारला गेलाच.

भारताच्या ड्रोनवर हा होल्ड लावला होता सिनेट समितीचे अध्यक्ष बेन कार्डिन यांनी. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आरोपपत्र उघड झालं: खलिस्तानवादी गुरपतवंतसिंग पन्नू यांच्या हत्येच्या कटामागे एका भारतीय सरकारी कर्मचाऱ्याचा हात असल्याचा दावा त्यात होता. कार्डिन यांनी बायडन सरकारशी महिनोन्‌महिने चर्चा केली, तपासाबाबत आश्वासनं घेतली आणि मगच होल्ड सोडला. पत्रक निघालं ते त्यानंतर. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी दिल्लीत करारावर सह्या झाल्या. त्याच तारखेला त्या कटासंबंधी नेमलेली भारतीय चौकशी समिती वॉशिंग्टनला गेलेली होती. निव्वळ योगायोग असेलही.

विक्रीनंतरही दोर तुटत नाही. १९९६ साली कायद्यात कलम ४०अ आलं आणि दिलेल्या सामग्रीचा वापर कसा होतो हे पाहणं अमेरिकी सरकारवर बंधनकारक झालं. पेंटॅगॉन त्या कामाला ‘गोल्डन सेंट्री’ म्हणतं. कूटयंत्रांच्या बाबतीत याहून बारीक लगाम असतो: किल्ल्या मुदतीच्या असतात, बदलत राहाव्या लागतात, आणि अमेरिकी व्यवस्थेतूनच येतात. विमान आपल्या तळावर, तबकडी आपल्या आवारात, पण किल्लीचा पुरवठा साता समुद्रापार.

युक्रेनचं उदाहरण वेगळ्याच दिशेने जातं. ऑगस्ट २०२५ मध्ये स्टारलिंकच्या उपग्रहसेवेसाठी १५ कोटी डॉलरची विक्री याच कलमाखाली काँग्रेसला कळवली गेली. यंत्र नव्हे, सेवा. पण त्याच्या आधी क्रिमियाजवळ ही सेवा चालू करण्याची युक्रेनची विनंती इलॉन मस्क यांनी फेटाळली होती. ते २०२३ मध्ये उघड झालं, तेव्हा सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी चौकशीची मागणी केली. नकार कंपनीच्या मालकाचा होता, आणि अशा नकाराबद्दल कलम ३६(ब)मध्ये अवाक्षर नाही.

आता आपलं घर. जुलै २००९ मध्ये हिलरी क्लिंटन दिल्लीत आल्या आणि अंतिम वापराच्या देखरेखीची व्यवस्था ठरली, तेव्हा संसदेत गदारोळ झाला. सार्वभौमत्व गहाण टाकलं, अशी भाषणं झाली. गदारोळ रास्त होता की राजकीय, हा वाद बाजूला ठेवू. तो ठरल्यानंतर झाला, हे महत्त्वाचं. शस्त्रखरेदीची किंवा संरक्षण कराराची आगाऊ सूचना संसदेला देण्याचं बंधन आपल्याकडे नाही. संरक्षणविषयक स्थायी समिती १९९३ पासून आहे, पण तिचं मुख्य काम अनुदानाच्या मागण्या तपासण्याचं, आणि दैनंदिन प्रशासनात शिरायला तिला नियमानेच मनाई आहे. कॅग येतो व्यवहार उरकल्यावर, आणि त्याचंही बोट धरून फार लांब जाता येत नाही: फेब्रुवारी २०१९च्या राफेल अहवालात किमतीचे आकडे झाकलेले होते. ड्रोनच्या बाबतीत संरक्षण खरेदी परिषदेने जून २०२३ मध्ये गरज मान्य केली, मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने ऑक्टोबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. नौदलाला १५, भूदलाला व हवाई दलाला प्रत्येकी ८. आपल्या ड्रोनला कोणत्या नमुन्याचं कूटयंत्र बसणार, हे आपल्या खासदाराला हवं असेल तर त्याने वॉशिंग्टनचं पत्रक वाचावं.

गोपनीयतेचं कारण पुढे केलं जातं, पण तीच माहिती विकणाऱ्याने जगजाहीर केलेली असताना ते टिकत नाही.

आणखी एक हिशेब मांडून ठेवतो. कॉमकासाची दहा वर्षं सप्टेंबर २०२८ मध्ये भरतात. ड्रोनची पहिली खेप अपेक्षित आहे २०२९च्या सुरुवातीला. म्हणजे ज्या कराराच्या भरवशावर ती कूटयंत्रं मिळणार, तो विमानं उतरण्याआधीच चालू ठेवायचा की नव्याने घासाघीस करायची, हे ठरवावं लागेल. त्या वेळी अटींबद्दल काही मागायचं असेल, तर आपली बाजू २०१८ पेक्षा अवघड असणार, कारण तेव्हा विमानांचे पैसे गुंतलेले नव्हते. २०१८ मध्ये त्या मसुद्याला संसदेची संमती लागली नव्हती. आजचे नियम कायम राहिले तर २०२८ मध्येही लागणार नाही.