नापास केलेला माल धन्याने दोनदा विकत घेतला

शिकागो हे नाव आपल्याकडे दोन कारणांनी माहीत आहे. एक, १८९३ साली स्वामी विवेकानंदांनी तिथे केलेले भाषण. दुसरे, सोयाबीन. मोंढ्यात माल घेऊन जावे आणि भाव पडलेला असला की अडत्या हमखास सांगतो, "काय करणार पाटील, शिकागोचा बाजार तुटलाय." आपण मान हलवतो आणि पट्टी खिशात घालून घरी येतो. शिकागोत नेमके काय तुटले हे ना त्याला ठाऊक, ना आपल्याला.

त्याच शिकागोतली एक गोष्ट आज सांगायची आहे. ती एका गाण्याच्या पार्टीची आहे. तुम्ही म्हणाल, शेतीच्या पानावर गाणं कशाला? जरा दम धरा. माणसे गाणारी असली तरी व्यवहार आपल्या ओळखीचा आहे. उचल, प्रतवारी, नापास माल, आणि कागद कुणाच्या नावावर, हे सगळे त्यात आहे.

या पार्टीचे, म्हणजे बँडचे नाव विल्को. वायरलेसवर बोलणारे "हुकूम मिळाला, करतो" या अर्थी हा शब्द वापरतात. १९९४ साली हा बँड उभा राहिला. म्होरक्या जेफ ट्वीडी. मिसिसिपी नदीच्या काठाजवळच्या बेलव्हिल गावचा, बाप रेल्वेत नोकरीला. इलिनॉय राज्य म्हणजे मका आणि सोयाबीनचा मुलूख. या मंडळींचे गाणेही सुरुवातीला तिकडच्या गावाकडच्या वळणाचे होते. गिटार, पियानो, साधी चाल. बँडमधला दुसरा महत्त्वाचा गडी जे बेनेट. हा आधी व्हिडिओ यंत्रे दुरुस्त करायच्या दुकानात कामाला होता. कोणतेही वाद्य हाती द्या, वाजवणार. कोणतेही यंत्र बिघडू द्या, खोलून बसणार. आपल्याकडे प्रत्येक गावात मोटार रिवाइंडिंग करणारा असा एक जण असतोच.

आता करार कसा असतो ते बघा. रेकॉर्ड कंपनी बँडला अल्बम काढण्यासाठी आगाऊ रक्कम देते. ही उचल. ऊसतोडीला मुकादम कोयत्याला देतो तशीच. अल्बम विकला गेला की बँडच्या वाट्याला जी रॉयल्टी येते, तिच्यातून कंपनी आधी उचल वळती करून घेते. इथपर्यंत ठीक. पण उचल फिटली तरी 'मास्टर', म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, बहुतेक करारांत कंपनीच्याच मालकीचे राहते. शेत तुम्ही कसलं, पीक तुम्ही काढलं, कर्ज तुमच्याच वाट्यातून फिटलं आणि सातबारा मात्र सावकाराच्या नावावर. तलाठी भाऊसाहेबांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

विल्कोचा करार रिप्राइज नावाच्या कंपनीशी होता. ही वॉर्नर या बड्या घराण्यातली कंपनी. २००० साली बँडने शिकागोत आपल्याच जागेत नव्या अल्बमचे काम सुरू केले. या जागेला ते 'लॉफ्ट' म्हणतात, म्हणजे माळा. भाड्याच्या स्टुडिओत घड्याळाकडे बघत गाण्यापेक्षा आपल्या माळ्यावर हवा तेवढा वेळ घ्यायचा, असा हिशेब. आपल्या विहिरीवर आपली मोटार असली की पाळीची वाट बघावी लागत नाही, तसेच हे.

वेळ त्यांनी घेतलाही. एकेक गाणे चार-चार तऱ्हांनी वाजवून पाहिले. जानेवारी २००१ मध्ये ढोलकवाला बदलला. जुना केन कूमर गेला, ग्लेन कोची आला. पुढे आवाजांची अंतिम जुळवाजुळव करायला जिम ओरूर्क या बाहेरच्या माणसाला आणले. द्राक्षबागाईतदारांना त्याचे काम चटकन कळेल. तो विरळणी करणारा. घडात दोनशे मणी लागलेत म्हणून दोनशेही ठेवले तर एकही धड फुगत नाही. ओरूर्कने गाण्यांतले थरावर थर कापून काढले. बेनेटचा पिंड नेमका उलटा. त्याला भर घालायची हौस. ही विरळणी त्याच्या जिवाला लागली. शेतात दोन भाऊ, एकाच्या हाती कात्री आणि दुसऱ्याच्या हाती खताचे पोते, अशी गत झाली.

अल्बमला नाव दिले 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट'. याचा अर्थ शोधत बसू नका. फोनवर नाव नीट कळावे म्हणून आपण "क कमळाचा, ग गवताचा" म्हणतो ना, तशी इंग्रजीतली ही तीन अक्षरे. शॉर्टवेव्ह रेडिओवर काही गूढ केंद्रे लागायची. कुणी बाई किंवा बुवा नुसती अक्षरे आणि आकडे वाचत राहायचे. हेरांना निरोप पोचवायची ही पद्धत, असे जाणकार मानतात. इंग्लंडमधल्या एका छोट्या कंपनीने १९९७ साली अशा आवाजांचा संग्रह काढला होता. त्यातला एका बाईचा आवाज विल्कोने आपल्या गाण्यात घातला. तो विचारून घातला की न विचारता, ते पुढे येईलच.

अल्बममध्ये ११ गाणी आहेत. आम्ही घरातल्या पोराकडून लावून घेऊन ती ऐकली. पहिल्यांदा वाटले, यंत्रच बिघडले. सात मिनिटांचे पहिले गाणे भांडी पडल्यासारखे सुरू होते आणि मोडक्या गाडीसारखे धडपडत चालते. रात्री मिडियम वेव्हवर केंद्र शोधताना मधेच शिट्टी, मधेच खरखर आणि तिच्यामागून कुणाचे तरी गाणे यावे, तसे सगळे. पण खरखरीच्या मागचे गाणे साधे आणि दुखरे आहे. तिसऱ्यांदा ऐकताना आम्ही हातातले पेपर बाजूला ठेवले. इंग्रजी शब्द निम्मे कळले नाहीत, हेही सांगून टाकतो.

बँडने २००१ सालच्या मध्यास हा माल कंपनीच्या काट्यावर नेला आणि तिथे तो नापास झाला.

कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात केंद्रावर गाडी लावून दोन-दोन दिवस बसलेल्यांना ग्रेडर म्हणजे काय ते सांगायला नको. ग्रेडर बदलला की प्रत बदलते, कापूस तोच असला तरी. इथे तेच घडले. जानेवारी २००१ मध्ये एओएल ही इंटरनेट कंपनी आणि टाइम वॉर्नर यांचे एकत्रीकरण पुरे झाले. मोठे मासे एक झाले की खालची माणसे कमी होतात. वॉर्नरच्या संगीत विभागातली सुमारे ६०० माणसे घरी गेली. रिप्राइजचे प्रमुख हॉवी क्लाइन विल्कोच्या बाजूचे होते. तेही गेले. मागे राहिलेल्यांना या अल्बममध्ये विकण्यासारखे काही दिसेना. बदल करा म्हणाले. बँडने नकार दिला. मग कंपनी म्हणाली, तुमचा रस्ता मोकळा.

अशा वेळी बहुतेक बँड मरतात, बरं का. कंपनी माल विकत नाही आणि सोडतही नाही. गाणी गोदामात कुजतात. विल्कोचे नशीब, किंवा त्यांच्या व्यवस्थापकाची आणि वकिलाची हुशारी म्हणा, की त्यांनी वेगळे होताना नुकसानभरपाईपेक्षा मास्टरवर बोट ठेवले. आमचा माल आम्हाला द्या. ५० हजार डॉलरचा आकडा निघाल्याचे त्या वेळी छापून आले होते. तेव्हाच्या दराने तेवीस-चोवीस लाख रुपये. शेवटी मास्टर बँडच्या हाती आले. सातबारा नावावर चढला.

त्याच ऑगस्टमध्ये बेनेटला बँडमधून बाहेर पडावे लागले. सॅम जोन्स नावाचा छायाचित्रकार या काळात बँडबरोबर राहून कृष्णधवल माहितीपट काढत होता. चांगले अल्बम निघण्याची गोष्ट टिपायला आलेला हा माणूस, त्याच्या कॅमेऱ्यात फाटाफूट टिपली गेली. एका गाण्याचे टोक दुसऱ्याला कसे जोडायचे यावरून ट्वीडी आणि बेनेट यांच्यात जी वादावादी होते, ती बघताना बांधावरच्या भांडणांची आठवण येते. विषय वीतभर जमिनीचा, आणि बोलणे सगळ्या आयुष्याचे. २००२ साली हा चित्रपट लोकांसमोर आला.

मूळ ठरल्याप्रमाणे अल्बम ११ सप्टेंबर २००१ रोजी निघायचा होता. त्या दिवशी न्यू यॉर्कचे दोन मनोरे पडले. अल्बमच्या मुखपृष्ठावरही दोन मनोरे होते, पण ते शिकागोतल्या मरिना सिटीचे. १९६० च्या दशकातल्या या गोल इमारतींना तिकडे लोक 'मक्याची कणसे' म्हणतात. फोटो पाहिलात तर तुम्हीही तेच म्हणाल. गाणी आधीच झालेली होती, तरी त्यांतल्या उदास ओळींत लोकांना त्या दिवसाची चाहूल ऐकू आली. हा निव्वळ योगायोग.

गाणी चोरवाटेने इंटरनेटवर फिरायला लागलीच होती. तेव्हा बँडने १८ सप्टेंबरपासून अख्खा अल्बम स्वतःच्या वेबसाइटवर फुकट ऐकायला ठेवला. ही २००१ सालची गोष्ट आहे. त्या काळात फुकट ऐकायला देणे म्हणजे कंपन्यांच्या मते आपल्या हाताने गंजी पेटवणे. पण आंबेवाला फोड कापून हातावर ठेवतो तेव्हा पेटी खपत नाही का? बँड दौऱ्यावर निघाला तर दुकानात न आलेल्या अल्बमची गाणी समोरचे लोक तोंडपाठ म्हणत होते. हे पाहून कंपन्या दाराशी आल्या.

त्यांतून निवड झाली नॉनसच या कंपनीची. मोठ्या खपाच्या मागे न धावणारी कंपनी. मुंबईकर पंडित रामनारायण यांची सारंगी अमेरिकेत तबकडीवर आणणारी हीच. पण गंमत पुढेच आहे. नॉनसचही वॉर्नर घराण्यातलीच! म्हणजे एका दुकानाने उचल देऊन पीक घेतले, नापास ठरवून परत केले, आणि पलीकडच्या गाळ्यातल्या त्याच शेठच्या दुसऱ्या दुकानाने तेच पोते पुन्हा पैसे मोजून उचलले. पोते उघडलेदेखील नव्हते. अडतीच्या धंद्यात केस पांढरे झालेल्या एका स्नेह्याला आम्ही हे सांगितले, तर तो आधी हसला आणि मग म्हणाला, "दोन्ही वह्या एकाच मुनिमाकडं असत्या तर असं झालं नसतं."

२३ एप्रिल २००२ रोजी अल्बम दुकानात आला. फुकट ऐकून झालेला माल, तरी पहिल्या आठवड्यात सुमारे ५६ हजार प्रती गेल्या आणि अमेरिकेच्या खपाच्या यादीत तो तेराव्या क्रमांकावर लागला. तोपर्यंत विल्कोचा कोणताही अल्बम इतका वर गेला नव्हता. पुढे खप पाच लाखांपलीकडे गेला. 'पिचफोर्क' या संगीतपत्राने दहापैकी दहा गुण दिले. 'व्हिलेज व्हॉइस' हे पत्र (नावात गाव असले तरी निघायचे न्यू यॉर्कहून) दरवर्षी देशभरच्या समीक्षकांची मते घ्यायचे. २००२ साली त्यांनी पहिल्या क्रमांकावर हाच अल्बम ठेवला. आमचे मत विचाराल तर कंपनीशी झालेल्या भांडणामुळे त्याचा थोडा जास्तच गाजावाजा झाला. पण गाणी नुसत्या गाजावाज्यावर वीस वर्षे टिकत नाहीत.

आता त्या रेडिओवरच्या बाईचा आवाज. आपल्या मास्टरसाठी एवढे भांडलेल्या मंडळींनी दुसऱ्याच्या संग्रहातला आवाज परवानगी न घेताच उचलला होता. इंग्लंडमधल्या त्या कंपनीने दावा लावला. न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि विल्कोच्या बाजूला पैसे मोजावे लागले. आपला बांध कोरला की ओरडणारा माणूस शेजाऱ्याचा बांध कोरताना तितका जागा नसतो.

आणि बेनेट? तो शिकागोपासून दूर, आपल्या जुन्या अर्बाना गावाकडे परतला. तिथे स्वतःचा स्टुडिओ चालवून लहान बँडची गाणी मुद्रित करून देत होता, स्वतःचेही अल्बम काढत होता. खुबा निकामी झाला होता. शस्त्रक्रिया हवी होती आणि विम्याची अडचण होती. मे २००९ मध्ये त्याने रॉयल्टी आणि त्या चित्रपटातल्या आपल्या वाट्यासाठी ट्वीडीवर दावा दाखल केला. एकत्र असताना कोणाचा वाटा किती हे नीट ठरलेले नसले की असेच होते. दाव्याचा निकाल लागायचा होताच. त्याच महिन्यात २४ तारखेला तो वेदनाशामक औषधाच्या जादा मात्रेने झोपेत गेला. वय ४५.

२०२२ साली अल्बमला वीस वर्षे झाली म्हणून नॉनसचने मोठा संच काढला. मूळ ११ गाण्यांबरोबर माळ्यावरची कच्ची ध्वनिमुद्रणेही त्यात घातली आहेत. एकच गाणे चार-चार रूपांत. विरळणीत खाली पडलेले बेनेटचे पियानो त्यांत ऐकू येतात.