तेरा अंशांवरचं आकाश

चेन्नईहून बंगळुरूच्या रस्त्याला लागलं, की साधारण चाळीस किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर येतं. रामानुजाचार्यांचं हे जन्मगाव आता मोटारी, काचा आणि फोन घडवणाऱ्या कारखान्यांनी वेढलंय. पूर्वेला चेन्नईचा उजेड आणि भोवती कारखान्यांचे दिवे असताना इथे ताऱ्यांचे फोटो कसे निघणार? साधा कॅमेरा, तिपाई आणि एक गच्ची एवढ्यावर निघतात, आणि ते फोटो आपल्याशी भूगोलही बोलतात.

डोळ्याला प्रकाश साठवता येत नाही. सेकंदाच्या छोट्याशा भागात आलेला प्रकाश तो पाहतो आणि सोडून देतो. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र पागोळीखाली ठेवलेल्या हंड्यासारखा शटर उघडं असेपर्यंत भरत राहतो. पंधरा सेकंदांत त्याच्यावर डोळ्याला न दिसणारे तारेही उमटतात, तेही रंगांसकट. अंधारात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जेमतेम काम करतात. सेन्सरला ती अडचण नाही. म्हणून मृग नक्षत्राच्या फोटोत काक्षी हा तारा तांबूस आणि राजन्य हा तारा निळसर येतो. हे रंग म्हणजे तापमानच: काक्षीचा पृष्ठभाग सुमारे ३,५०० केल्विन, तर राजन्यचा सुमारे १२,०००.

कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा. सोबत मिळालेली १८-५५ मिमीची लेन्स १८ वर आणा, छिद्र जास्तीत जास्त उघडा (बहुधा एफ/३.५), आयएसओ ८०० ते १६००, फाइल रॉ. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो. तो बंद करा. पडद्यावर व्याधाचा तारा मोठा करून पाहा आणि ठिपका अगदी बारीक होईपर्यंत फोकसची रिंग फिरवा. बटण दाबतानाचा हादरा टाळायला दोन सेकंदांचा टायमर लावा.

शटर किती वेळ उघडं ठेवायचं, हे पृथ्वी ठरवते. ती तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे जास्त थांबलं की ठिपक्याची रेघ होते. ढोबळ नियम असा: ५०० ला लेन्सच्या आकड्याने भागा. नेहमीच्या लहान सेन्सरसाठी आधी त्या आकड्याला दीडने गुणा. १८ चे होतात २७, म्हणजे सुमारे १८ सेकंद.

पण सेन्सरमध्ये गावाचा उजेडही साठतोच. त्यावर उपाय म्हणजे रेघांनाच आपलंसं करणं. तीस-तीस सेकंदांचे फोटो तासभर लागोपाठ काढायचे, १२० होतील. स्टारस्टॅक्ससारखं मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूपाशी सर्वांत उजळ नोंद तेवढी ठेवतं. त्यामुळे आकाश आणखी पांढरं होत नाही, तारे मात्र पुढे सरकत कमानी काढतात. प्रत्येक कमान १५ अंशांची.

उत्तरेकडे कॅमेरा लावला, तर साऱ्या कमानी ध्रुवाजवळच्या एका बिंदूभोवती फिरलेल्या दिसतात. श्रीपेरुंबुदूरला तो बिंदू क्षितिजापासून फक्त १३ अंशांवर असतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची, म्हणजे मुठीहून थोडा वर. मुंबईत तो १९ वर, नागपुरात २१ वर. ही त्या त्या गावाच्या अक्षांशाचीच संख्या!

उत्तरेत ध्रुव जितका खाली, तितकं दक्षिणेत जास्त आकाश उघडतं. मेच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास त्रिशंकू हा तारकासमूह बरोबर दक्षिणेला येतो. त्याचा सर्वांत खालचा तारा इथे १४ अंश वर असतो. पुण्यात जेमतेम आठ, म्हणजे बहुधा धुरकट हवेत हरवलेला. मार्चअखेरीस हाच देखावा मध्यरात्री दिसतो. महाराष्ट्रात दसऱ्यानंतर आकाश निवळतं, पण इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, म्हणून जानेवारी ते एप्रिल हाच हंगाम साधावा. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा आणि चेन्नईकडे पाठ करा.

दक्षिणेचं हे जादा आकाश व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनाही हवं होतं. श्रीपेरुंबुदूरच्या पश्चिमेला जवादी टेकड्यांत कावलूरची वेधशाळा आहे. युरेनसभोवती कडी असल्याची चाहूल १० मार्च १९७७ रोजी ज्या ठिकाणांहून लागली, त्यांत कावलूरही होतं. तिथल्या २.३ मीटरच्या दुर्बिणीचं उद्घाटन १९८६ मध्ये राजीव गांधींनी केलं आणि वेधशाळेला खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंचं नाव मिळालं.

कॅमेरा नसेल तर फोन चालेल. आयफोन जुळवणारा फॉक्सकॉनचा कारखाना याच परिसरात आहे, आणि फोनचा नाइट मोडही अनेक फोटो एकावर एक रचूनच अंधार उजळतो. पहिल्या रात्री आकाशगंगेच्या मागे लागू नका. क्षितिज चौकटीत घेऊन उत्तरेच्या कमानी टिपा. १८ च्या लेन्सची आडवी चौकट उभ्या दिशेने साधारण ४५ अंश पाहते. त्या हिशेबाने कमानींचा मध्य क्षितिजापासून किती वर आहे ते पट्टीने मोजा. उत्तर तेराच्या आसपास आलं, तर नकाशा न उघडता तुम्ही आपल्या गच्चीचा अक्षांश काढलात.